बडोद्यात नव्याने आलेल्यांसाठी : छोट्या ट्रेलरसोबत कोणता मांडव घ्यावा

नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून बडोद्यात येणाऱ्यांपैकी काही जण झोपण्यापुरता छोटा कॅम्पिंग ट्रेलरही गाडीमागे जोडून आणतात आणि इथे त्यासोबत कोणता तंबू चालेल, असे विचारतात. बरीच वर्षे इथे राहिल्यामुळे माझे उत्तर ठरून गेले आहे. मांडव किती ऐसपैस आहे यापेक्षा तो जमिनीला कसा धरून राहील, हे आधी पाहावे; कारण बडोद्याहून निघून ज्या दिशेला जाल, तिथली जमीन वेगळी लागते. (कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे तो बारा महिन्यांहून अधिक काळ इथे राहणार असेल, तर महाराष्ट्रातली नोंदणी इथे बदलून घेणे विसरू नये.)

छोट्या ट्रेलरमध्ये दोन माणसे आडवी होतात, एवढेच. स्वयंपाक, जेवण, पावसात अडकल्यावरची बैठक, हे सारे बाहेर होते. बहुतेक लहान ट्रेलरांचे स्वयंपाकघर मागच्या उचलत्या झाकणाखाली असते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी ते झाकण पूर्ण उघडून त्याच्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजावी आणि मांडवाचा कडेचा दांडा त्याहून किमान वीतभर उंच असल्याची खात्री करावी. हे माप न घेता आणलेला मांडव कितीही देखणा असला तरी पहिल्या पावसात शेगडी भिजते.

ट्रेलरच्या कडेच्या पन्हळीत कापड सरकवून बसवायचा मांडव परदेशी चित्रांत फार शोभतो, पण तो मुख्यतः उंच कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरासाठी, बेतलेला असतो. आपल्या बुटक्या ट्रेलरला तो लावला की छताला उतार मिळत नाही, मध्ये पाणी साचून पोट सुटते, आणि कोणी आत चढले की हलका ट्रेलर स्प्रिंगवर डुलून शिवणीला हिसके देतो. त्यापेक्षा ट्रेलरला न बांधता शेजारी स्वतंत्र उभा राहणारा घडीचा मांडव आणि त्याला काढता-घालता येणाऱ्या दोन कनाती हीच जोडी मी सुचवीन. चारही बाजूंच्या कनाती घेण्याचा मोह टाळावा, कारण बंद मांडव वाऱ्यात शिडासारखा फुगतो.

बाजारात सहज मिळणारे माप म्हणजे 10 बाय 10 फूट, म्हणजे सुमारे 9 चौरस मीटरचे छत. ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्याला असे छत पुरते सापडले, तर त्यावर ढोबळमानाने 70 किलोंचा जोर येतो. 50 किलोमीटरला तो 100 किलोंच्या पुढे जातो, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. प्रत्येक पायाला पाण्याने भरलेला 20 लिटरचा कॅन बांधला तरी एकूण वजन 80 किलोच होते. म्हणजे कॅन हा सौम्य वाऱ्यापुरता उपाय आहे. आभाळ अंधारून वावटळ उठू लागली की छत खाली घेणे, हेच शहाणपणाचे.

मेखांच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. तंबूसोबत येणाऱ्या तारेसारख्या मेखा बडोद्याच्या आसपासच्या काळ्या जमिनीत मे महिन्यात वाकतात, कारण ती दगडासारखी कडक होऊन भेगाळते. आणि पावसात तीच जमीन इतकी लोण्यासारखी होते की बारीक मेख हाताने उपसून येते. कोरड्या दिवसांसाठी 12 मिलिमीटरच्या सळईच्या दीड फुटी मेखा आणि ओल्यासाठी लोखंडी अँगलच्या रुंद मेखा लोहाराकडून करून घ्याव्यात. ताणाचे दोर जमिनीशी साधारण 45 अंशांत यावेत आणि मेखेचे डोके मांडवापासून बाहेरच्या बाजूला झुकलेले असावे. मही नदीकाठच्या वाळूत कुठलीच मेख धरत नाही. तिथे पोत्यात वाळू भरून, दोर बांधून, ते हातभर खोल पुरावे. कच्छचे पांढरे रण इथून चारशे किलोमीटरहून अधिक दूर असले तरी हिवाळ्यात तिकडे जाण्याची हौस प्रत्येकाला येते. तिथे मिठाच्या पापुद्र्याखाली ओला चिखल असतो आणि मीठ लोखंडाला खाते, म्हणून तिकडे ॲल्युमिनियमचा सांगाडा बरा. परतल्यावर तोही गोड्या पाण्याने धुवावा.

ट्रेलरचे दार डाव्या बाजूला आहे असे धरले, तर उन्हाळ्यात नैर्ऋत्येच्या वाऱ्यासाठी ट्रेलरचे पुढचे टोक आग्नेयेला करावे, म्हणजे मांडव ईशान्येला आडोशात येतो आणि दुपार उलटल्यावर ट्रेलरचीच सावली मिळते. हिवाळ्यात वारा ईशान्येचा असतो, तेव्हा पुढचे टोक वायव्येला फिरवावे. जागा मात्र, काठच्या वाळूत असली तरी, पाण्यापासून बरीच लांब शोधावी: विश्वामित्री नदीत आणि आजवा तलावात मगरी आहेत, आणि नर्मदेत सरदार सरोवर धरणातून पाणी सोडले की पातळी वाढते.

कापडाबाबत थोडक्यात सांगायचे, तर पावसासाठी 200 जीएसएमची (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाची) ताडपत्री पुरते, पण एप्रिलच्या उन्हात तिच्याखाली बसवत नाही. जाड सुती कॅनव्हास गार राहतो, मात्र तो जड असतो आणि भिजला की आणखी जड होतो. माझा कल छताला कॅनव्हास आणि त्यावर हातभर अंतर सोडून ताणलेली हलकी ताडपत्री यांकडे आहे, कारण मधून हवा खेळते. पावसाळा संपल्यावर एक कनात मच्छरदाणीच्या जाळीची हवी. गॅसची शेगडी मात्र दोन्ही कनाती लावलेल्या कोपऱ्यात कधीही पेटवू नये. ती उघड्या बाजूला, कापडापासून दूर ठेवावी. कॅनव्हास ओला असताना घडी करावीच लागली, तर घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी गच्चीवर पसरावा, नाहीतर इथल्या दमट हवेत शिवणीवर बुरशीचे काळे ठिपके उठतात आणि पुढे पाणी नेमके तिथूनच झिरपते.