माहेरी आलेल्या ताईचा फोन घाईने पुसू नका

सासरच्या मारहाणीला कंटाळून ताई माहेरी येते. फोनमधलं थोडंफार कळणारा भाऊ तिचा मोबाइल घेतो आणि रीसेट मारून मोकळा होतो. त्यामागे माया असते, पण धमकीचे मेसेज, कॉलची यादी, लपवून टाकलेलं पाळतीचं ॲप, असा सगळा पुरावा त्यात जातो. बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. दाखवायला काही उरलंच नाही, तर तक्रार उभी कशावर करायची? शिवाय फोन अचानक गप्प झाला की पाळत ठेवणाऱ्याला लगेच संशय येतो. ती अजून सासरीच राहत असेल, तर एकाही सेटिंगला हात लावू नका.

आधी दुसरा फोन बघा. मैत्रिणीचा, शेजारणीचा, कुणाचाही, ज्याला नवऱ्याचा हात कधी लागला नाही असा. १८१ या महिला हेल्पलाइनला किंवा घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संरक्षण अधिकाऱ्याला फोन तिथूनच करायचा. पुराव्यासाठी जुन्या फोनवर स्क्रीनशॉट घेऊ नका; ते आपोआप गूगल फोटोजमध्ये चढू शकतात आणि पासवर्ड त्याला माहीत असेल तर तोही बघतो. दुसऱ्या फोनने पडद्याचे फोटो काढा, नंबर आणि तारीख दिसेल असे.

‘नवा नंबर घेतला, तरी ती कुठे आहे हे त्याला कळतंच कसं?’ हे मला नेहमी विचारतात. बहुतेक वेळा कुणी हॅकर नसतो. तिचं व्हॉट्सॲप त्याच्या लॅपटॉपवर जोडलेलं असतं. ‘लिंक केलेली डिव्हाइस’ उघडलं की दिसतं. गूगल मॅप्सवर लोकेशन शेअरिंग कधीतरी चालू करून ठेवलेलं असतं. सोबत आणलेल्या मुलाच्या टॅबवर फॅमिली लिंक, म्हणजे पालकांना मुलाचं लोकेशन दाखवणारं गूगलचं ॲप असतं, आणि तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. गाडी घेऊन आली असेल आणि फास्टॅग त्याच्या नंबरवर असेल, तर पैसे कापल्याचा मेसेज टोलनाक्याच्या नावासकट त्याच्याकडे जातो.

सिम त्याच्या नावावर असेल, तर तो डुप्लिकेट सिम काढू शकतो. मग बँकेचे ओटीपीही त्याच्या हातात. म्हणून नवं सिम तिच्याच नावाने, नवा ईमेल, आणि मग बँकेत व आधार सेवा केंद्रात जाऊन नंबर बदलणं. या कामाला दिवस लागतात, तेवढे लागू द्या.

नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘ताई आली’ म्हणून फोटो टाकू नका. मुलांच्या नव्या शाळेच्या गणवेशातला तर नकोच.

आणि एक चूक मला फार लागते. ‘पासवर्ड आता माझ्याकडे राहू दे’ असं भाऊ किंवा वडील म्हणतात. इतकी वर्षं तिचा फोन दुसऱ्याच्याच ताब्यात होता. नवा पासवर्ड तिला स्वतः टाकू द्या, आणि ती टाकत असताना तुम्ही मान वळवा.