एकसारखे सिलिका नॅनोकण हवेत? आधी पाण्याचा हिशेब करा

असे कण बनवायची श्टोबर पद्धत 1968 ची. इथेनॉल, पाणी, अमोनिया आणि टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, ज्यापासून सिलिका बनते तो द्रव), एवढंच साहित्य. तरीही एम.एस्सी.च्या प्रकल्पात पहिल्या खेपेला कण लहानमोठे येतात, आणि बहुतेक वेळा घोळ पाण्याच्या मोजमापात असतो.

सुमारे 150 ते 200 नॅनोमीटरसाठी: 100 मिली अ‍ॅब्सोल्युट (जवळजवळ निर्जल) इथेनॉल, 2 मिली डिस्टिल्ड पाणी, 6 मिली 25 टक्के अमोनिया, 4 मिली टीईओएस. वरवर पाणी 2 मिली दिसतं, पण अमोनियाच्या द्रावणातूनच आणखी 4 मिली येतं. त्यात 95 टक्क्यांचं स्पिरिट वापरलंत तर अजून 5 मिलीची भर. म्हणजे 6 च्या जागी 11 मिली, आणि आकार पार बदलतो! वहीत एकूण पाणी लिहा, ओतलेलं नव्हे.

दुसरी गोष्ट अमोनियाची. बाटली उघडी राहिली की वायू उडतो, द्रावण पातळ होतं आणि कण लहान येतात. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, जुनी असेल तर टायट्रेशन करून (आम्लाशी मोजून) अमोनियाचं खरं प्रमाण तपासून घ्या. काम फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात).

तापमानाकडे नाशिककरांनी विशेष लक्ष द्यावं. जानेवारीत सकाळची प्रयोगशाळा आणि मे महिन्यातली दुपारची, यांत सहज 15 अंशांचा फरक पडतो. थंडीत कण मोठे होतात, उन्हाळ्यात लहान. वॉटर बाथ 25 अंशांवर लावा आणि टीईओएस घालण्याआधी चंबू त्यात अर्धा तास ठेवा.

टीईओएस एकदम घाला, ढवळणं जोरात चालू असताना. थेंबथेंब घातलं तर नवे कण जन्मत राहतात आणि आकार विखुरतात. काही मिनिटांत निळसर धूसरपणा, मग दुधी रंग दिसेल. रात्रभर ढवळू द्या.

मोठे कण हवे असतील तर तयार कणांवरच थर चढवा. इथे मात्र उलट, टीईओएस अगदी सावकाश सोडायचं. व्यास दुप्पट म्हणजे आकारमान आठपट, म्हणून आधीच्या सातपट टीईओएस आणखी लागेल: वरच्या कृतीत 28 मिली. घाई केली की मोठ्यांमध्ये बारीक कणांची पिल्लावळ दिसते.

शेवटी सेंट्रिफ्यूज करून इथेनॉलने तीनदा धुवा. ओव्हनमध्ये वाळवू नका, कण एकमेकांना चिकटले की नंतर सोनिकेशननेही (ध्वनिलहरींनी हलवूनही) नीट सुटत नाहीत. इथेनॉलमध्येच झाकून ठेवा.