नागपुरातील बेघर व्यक्तीला निवाऱ्यापासून भाड्याच्या खोलीपर्यंत कसे पोहोचवावे

नागपुरात फुटपाथवर राहणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या खोलीपर्यंत पोहोचवायचे असेल, तर सर्वांत आधी सोडवावा लागतो तो पत्त्याचा प्रश्न. बँक, रेशन कार्यालय, तहसीलमधील निराधार योजनेची खिडकी, पुढे खोली भाड्याने देणारा घरमालक, प्रत्येक जण कोणता ना कोणता कागद मागतो आणि त्या प्रत्येक कागदावर पत्ता लागतो. म्हणून पुढे दिलेला क्रम शक्यतो मोडू नये. मधली पायरी गाळली की पुढच्या खिडकीवरून हमखास परत यावे लागते.

सुरुवात महानगरपालिकेच्या बेघर निवाऱ्यापासून करावी. एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय होईल इतके निवारे असावेत आणि ते बाराही महिने, चोवीस तास उघडे असावेत, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 मधील आदेशांनंतर रूढ झाला. जवळचा निवारा कोणता आणि तेथे जागा आहे का, याची चौकशी महापालिकेच्या दहा झोन कार्यालयांपैकी आपल्या भागातील कार्यालयात करावी. निवाऱ्यांची आठवण शहराला डिसेंबरच्या थंडीत होते. वास्तविक पारा पंचेचाळिशीपार जाणारी मे महिन्यातील दुपार उघड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला तितकीच घातक असते.

मोरभवन बसस्थानक किंवा मेडिकल चौकाच्या परिसरातील माणसाला निवाऱ्यात चलण्याविषयी विचारताना त्याचा नकार नीट ऐकून घ्यावा. भंगाराची हातगाडी कुठे लावायची, नवरा-बायकोला एकत्र राहता येईल का, पहाटे ठिय्यावर, म्हणजे मजूर कामाच्या शोधात उभे राहतात त्या नाक्यावर, जायला दार उघडे असेल का, असे अगदी व्यवहाराचे प्रश्न त्यामागे असतात आणि त्यांची उत्तरे निवाऱ्याच्या व्यवस्थापकाकडून आधीच आणलेली बरी. शिवाय 2023 साली नागपुरात चौकांमध्ये भीक मागण्यास मनाई करणारा पोलीस आदेश निघाला होता. तेव्हापासून ‘घेऊन जातो’ म्हणणाऱ्याविषयी काहींच्या मनात धास्ती असणे स्वाभाविक आहे. जबरदस्ती कधीही करू नये. व्यक्ती मानसिकदृष्ट्या आजारी वाटल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर सल्ला घ्यावा आणि गरजेनुसार पोलिसांच्या मदतीने प्रादेशिक मनोरुग्णालयाचा मार्ग धरावा.

निवाऱ्याच्या नोंदवहीत नाव चढले की आधार कार्डाकडे वळावे, मात्र नव्या नोंदणीचा अर्ज भरण्यापूर्वी ‘पूर्वी कधी बोटांचे ठसे दिले होते का’ हे खोदून विचारावे. बहुतेकांनी गावी असताना आधार काढलेले असते आणि कार्ड तेवढे हरवलेले असते. अशा व्यक्तीची नव्याने नोंदणी केल्यास ती दुबार म्हणून फेटाळली जाते आणि मधले दिवस वाया जातात. जुना क्रमांक आधार सेवा केंद्रात ठशांवरून शोधता येतो. विटा, सिमेंट आणि भांडी घासण्याच्या कामाने बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे यंत्र ठसा घेत नाही. हात धुवून, कोरडे करून प्रत्येक बोट लावून पाहावे आणि तरीही जमले नाही तर डोळ्यांच्या बुबुळांवरून पडताळणी करण्याचा आग्रह धरावा. ज्याचे आधार कधीच निघालेले नाही, त्याच्यासाठी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने आधार प्राधिकरणाच्या ठरावीक नमुन्यात दिलेला दाखला चालतो. त्या दाखल्यातील नावाचे स्पेलिंग तिथल्या तिथे तपासावे, कारण पुढचे सगळे कागद त्यावरूनच तयार होतात. नव्या नोंदणीला शुल्क नाही.

मतदार नोंदणीसाठी तर निवाऱ्याचीही अट नाही. नमुना 6 मध्ये झोपण्याचे ठिकाण लिहिले की मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन ती व्यक्ती तेथे खरोखर झोपते का याची खातरजमा करतो. निवासाचा कागदी पुरावा लागत नाही.

आधार हाती यायला वेळ असेल, तरी बँक खाते अडत नाही. छायाचित्र आणि अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा यांवर ‘लहान खाते’ उघडता येते. त्यात एका वेळी 50,000 रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते, वर्षभरात एक लाखापर्यंत रक्कम जमा करता येते आणि महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत काढता येतात. मुदत बारा महिन्यांची असते आणि ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिल्यास ती आणखी बारा महिने वाढते. शाखेत टाळाटाळ झाली तर व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्यावा. तोपर्यंत मजुरीचे पैसे बहुधा चहाच्या टपरीवाल्याकडे ठेवलेले असतात, आणि टपरी हलली की तेही जातात.

खात्याला जोडायच्या मोबाइल क्रमांकाबाबत मात्र ठाम राहावे. सोयीचे वाटते म्हणून कार्यकर्ते स्वतःचा नंबर देतात, आणि मग प्रत्येक ओटीपीसाठी तो माणूस त्यांच्यावरच अवलंबून राहतो. साधा फोन आणि त्याच्याच नावाचे सिम घेऊन द्यावे व ते चालू राहील असे पाहावे.

आधारशी जोडलेले खाते तयार झाल्यावर उत्पन्नाचे मार्ग खुले होतात. वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असलेल्या आणि किमान 15 वर्षे महाराष्ट्रात राहिलेल्या निराधार व्यक्तीला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा 1,500 रुपये मिळू शकतात. 65 वर्षांवरील व्यक्तीसाठी श्रावणबाळ योजना आहे. दोन्ही अर्ज तहसील कार्यालयात होतात, आणि रहिवासाची 15 वर्षे सिद्ध करणे हाच त्यातला कठीण भाग असल्याने जुना शाळेचा दाखला किंवा मतदार यादीतील नोंद गावाकडून मागवून ठेवावी. बांधकामावर वर्षात 90 दिवस काम केलेल्या मजुराची नोंद बांधकाम कामगार मंडळाकडे करावी. हातगाडीवर विक्री करणाऱ्याला पीएम स्वनिधीचे कर्ज मिळू शकते, परंतु पहिले काही महिने नियमित बचत दिसल्याशिवाय कर्जाची घाई करू नये. रेशन कार्ड गावी असेल तर ‘एक देश एक रेशन कार्ड’ व्यवस्थेमुळे धान्य नागपुरातील दुकानातूनही उचलता येते.

डिपॉझिट आणि दोन महिन्यांचे भाडे खात्यात जमले की खोली पाहावी, आणि ती कामाच्या ठिय्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर असावी. स्वस्त म्हणून शहराबाहेर घेतलेल्या खोलीचे वाचलेले भाडे ऑटोवर जाते. प्रधानमंत्री आवास योजनेचा अर्ज जरूर करावा, मात्र त्यात लाभार्थ्याचा स्वतःचा हिस्सा आणि बहुधा बँकेचे कर्ज लागते, त्यामुळे भाड्याची खोली हीच नजीकची वाट समजावी. अकरा महिन्यांचा लेखी करार करावा, भाडे शक्यतो खात्यातूनच द्यावे आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिल्याची पोच जपून ठेवावी. मालक अचानक बाहेर काढू लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजेच 15100 या क्रमांकावर, मोफत कायदेशीर साहाय्य मागता येते. करार हातात आला की त्याच आठवड्यात आधार, बँक आणि मतदार यादीतील पत्ता बदलून घ्यावा आणि मगच निवाऱ्याच्या नोंदवहीतील नाव कमी करावे.