नळीतला आरएनए कोणाचा? माव्यावर काम सुरू करणाऱ्यांसाठी
२००२ साली पश्चिम महाराष्ट्रातल्या उसावर लोकरी मावा ही रस शोषणारी बारीक कीड पसरली, तेव्हा शिरोळकडच्या आमच्या शेतातली पांढरी पडलेली पाने मी लहानपणी पाहिली होती. पुढे कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना प्रकल्पासाठी मी मावाच निवडला. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले घालते आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे भ्रूण आधीच वाढू लागलेले असतात. वाढीचा तो झपाटा यातूनच येतो.

थंड प्रदेशांत दिवस लहान होऊ लागले, की अनेक जातींत त्याच वंशातून नर आणि अंडी घालणाऱ्या माद्या जन्मतात. जनुके तीच राहून प्रजननाची रीत बदलते, म्हणून जनुकांना आवर घालणाऱ्या, जेमतेम २२ अक्षरांच्या (म्हणजे न्यूक्लिओटाइड या घटकांच्या) आरएनएच्या तुकड्यांकडे, मायक्रोआरएनएंकडे, अभ्यासकांचे लक्ष गेले. वाटाण्यावरच्या माव्यात ते घडवणाऱ्या यंत्रणेतील डायसर-१ आणि आर्गोनॉट-१ या जनुकांच्या दोन-दोन प्रती सापडल्या आहेत.

हे वाचून मी चवळीवरचा काळा मावा रोज दहाच तास उजेडात ठेवला आणि दोन महिने अंड्यांची वाट पाहिली. अंडी आली नाहीत. उष्ण प्रदेशांतला मावा बहुधा वर्षभर नराविनाच वाढतो आणि कोल्हापूरचा सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो, याचा विचार मी आधी करायला हवा होता. आपल्याकडे हाती लागणारा प्रश्न माझ्या मते पंखांचा आहे. गर्दी वाढली की पंखधारी माद्या निपजतात. त्या नवे झाड गाठतात, पण त्यांना पिल्ले कमी होतात. लिंबूवर्गीय झाडांवरच्या तपकिरी माव्यात गर्दीमुळे एमआयआर-९बी हा मायक्रोआरएनए घटतो, एबीसीजी४ या जनुकावरचा त्याचा लगाम सुटतो आणि इन्सुलिनच्या संदेशसाखळीमार्फत पंख फुटतात, इतका माग लागलेला आहे.

प्रयोगशाळेत आरएनए काढताना माझी मोठी चूक अख्खा मावा कुटून घेण्याची झाली, कारण त्या नळीत आई, लेक आणि नात अशा तिघींचा आरएनए एकत्र आला होता. भ्रूण वेगळे काढायला हात बसेपर्यंत महिना जातो, तो जाऊ द्यावा. आरएनए शुद्ध करण्याचे नेहमीचे किट २०० अक्षरांहून लहान तुकडे बरेचसे धुऊन टाकते, म्हणून लहान आरएनए राखणारेच किट मागवावे. नळीवर नुसते ‘मावा’ न लिहिता मादी पंखधारी की बिनपंखी, तिचे वय, एका पानावरची संख्या आणि काढलेला अवयव यांची नोंद त्याच दिवशी करावी.