बडोद्यात घरासाठी छोटा जनरेटर कसा निवडावा

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. रस्त्यावर असं पाणी असताना वीज सुरू ठेवणं धोक्याचं, म्हणून पुरवठा लांबतो. १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टर बॅटरी तीन पंखे आणि दिवे जेमतेम चार-पाच तास ओढते. पुढच्या तासांसाठी जनरेटर लागतो.

सगळ्यात आधी जागा ठरवा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो झोपेतच माणसाला मारतो. त्यामुळे बाल्कनी, जिना, बंद पार्किंग किंवा खिडकीखालचा ओटा यांचा विचारही नको. यंत्र उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून निदान २० फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला आणि पुराच्या पातळीच्या वर असावं. पावसासाठी वर छप्पर हवं, पण बाजू मोकळ्या. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या दाटीच्या घरांत अशी जागा नसेल तर जनरेटर घेऊच नका. दुसरी बॅटरी जोडता येईल असा इन्व्हर्टर बघा.

मग कागदावर लोड मांडा. तीन पंखे २२५ वॅट, सहा एलईडी ६०, राउटर १५, फ्रिज २००: एकूण ५००. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चौपट ओढतो, म्हणजे ८००. हिशेब ११०० वॅटवर गेला. १ केव्हीएचा (साधारण ८०० वॅट) जनरेटर इथेच कमी पडतो. २ केव्हीए (साधारण १६०० वॅट) पुरतो. एक हॉर्सपॉवरची पाण्याची मोटर चालताना हजारेक वॅट घेते, सुरू होताना तिप्पट. ती हवी असेल तर ५ केव्हीएकडे जावं लागतं. आमच्या मते त्यापेक्षा वीज असतानाच टाकी भरून ठेवणं बरं. लेबलवरचा मोठा ‘पीक’ आकडा सोडा, ‘रेटेड’ म्हणजे सलग मिळणारा आकडा वाचा. गीझर आणि एसी यादीत धरू नका.

लॅपटॉप, टीव्ही चालवायचे असतील तर इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर घ्या. महाग पडतो, पण वीज स्वच्छ देतो, आवाज कमी करतो आणि २ केव्हीएचा असला तरी वजनाला वीस-पंचवीस किलोच, त्यामुळे पाणी चढलं तर उचलून वर नेता येतो. साधा जनरेटर लोड असो-नसो, मिनिटाला ३००० फेऱ्यांवरच धावतो.

जोडणीत कुठलीही तडजोड नको. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर घरातल्या प्लगमध्ये खुपसली की वीज मीटरमधून बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मर तिचे ११,००० व्होल्ट करतो आणि बंद समजून तारेला हात लावणारा लाइनमन मरतो. वायरमनकडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा) बसवून घ्या, अर्थिंगही तपासून घ्या. तोपर्यंत फ्रिज आणि टेबलफॅन २.५ चौरस मिमीच्या तीन तारांच्या एक्स्टेंशनवर थेट जनरेटरवरून चालवा.

पेट्रोल अर्ध्या लोडवर तासाला पाऊण ते एक लिटर जातं. फ्रिज दार न उघडता चारेक तास गार राहतो, म्हणून तो सलग चालवू नका. पेट्रोल इंजिन थंड झाल्यावरच भरा.

नव्या यंत्राचं ऑइल पहिल्या २० तासांनी बदला, नंतर दर १०० तासांनी. ऐन वेळी यंत्र सुरू न होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये सुकून चिकट झालेलं जुनं पेट्रोल. महिन्यातून एकदा १५ मिनिटं लोडवर चालवा आणि पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबू द्या.

पाणी प्लगपॉइंटपर्यंत चढून गेलं असेल, तर वायरमनने वायरिंग तपासेपर्यंत जनरेटर घराला जोडू नका.