मीटरवरचे ॲक्रिलिकचे झाकण घरी घडवताना

जुन्या मोटारीच्या मीटरवरचे पारदर्शक झाकण पिवळे पडले आणि बाजारात सुटे मिळेनासे झाले, तर ३ मिमी जाडीच्या ॲक्रिलिक शीटपासून ते घरी घडवता येते. गाडीची पुढची काच (विंडस्क्रीन) मात्र कधीही ॲक्रिलिकची करू नये. तेथे सुरक्षा काचच हवी. शीट ‘कास्ट’ प्रकारची, म्हणजे साच्यात ओतून केलेली, मागावी, कारण ‘एक्स्ट्रुडेड’, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली, शीट स्वस्त असली तरी तापल्यावर एका दिशेने जास्त आकसते.

कोकणात खरी अडचण ओलाव्याची आहे. ॲक्रिलिक हवेतला दमटपणा शोषून घेते, त्यामुळे रत्नागिरी-मालवणकडे पावसाळाभर पडून राहिलेली शीट थेट तापवली, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे उठतात आणि ते कितीही घासले तरी जात नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंचा कागद काढून शीट ७५ ते ८० अंश सेल्सिअसला कित्येक तास, शक्य तर रात्रभर, वाळवावी. त्याच शीटचा छोटा तुकडा आधी पूर्ण तापवून पाहावा. त्यात बुडबुडे दिसले तर वाळवणे अजून पुरे झालेले नाही.

साचा लाकडाचा करावा, त्याचा बाक जुन्या झाकणाच्या आतल्या बाजूवरून उतरवावा आणि वर फ्लॅनेलचे कापड ताणून बसवावे, म्हणजे लाकडाचे रेषे शीटवर उमटत नाहीत. कास्ट शीट पहिल्यांदा तापताना सुमारे २ टक्के आकसते, तेव्हा कडेने दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवूनच तुकडा कापावा.

स्वयंपाकासाठी न वापरला जाणारा ओव्हन १६० अंशांवर ठेवावा, खिडक्या उघड्या असाव्यात आणि तेथून हलू नये, कारण ॲक्रिलिक पेट घेते. शीट रबरासारखी लुळी पडली, की जाड सुती हातमोजे घालून ती साच्यावर पसरावी आणि कडा हलकेच दाबून धराव्यात. गडबड करू नये. पण रेंगाळूही नये, कारण अर्धवट थंड झालेली शीट वाकवली तर तिच्यात ताण राहतो. पंखा किंवा पाणी न वापरता ती साच्यावरच हळूहळू निवू द्यावी.

मग बारीक दातांच्या करवतीने कडा कापून पॉलिश पेपरने घासाव्यात. उन्हात ॲक्रिलिक चांगलेच प्रसरण पावते, म्हणून भोके स्क्रूपेक्षा थोडी मोठी पाडावीत आणि स्क्रू करकचून आवळू नयेत. झाकण पुसताना पेट्रोल, थिनर किंवा स्पिरिट लावू नये, त्याने बाकावर बारीक भेगांचे जाळे उमटते. साबणाचे पाणी आणि मऊ कापड पुरते.