सॉफ्टवेअर टाकताना-काढताना या चुका टाळा

आर्वी तालुक्यात मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. खेड्यांतून दुकानात मशीन येते ती "विंडोज मारून द्या" म्हणूनच येते. उघडून पाहिलं की बहुतेक वेळा विंडोज ठीक असते, कुणीतरी घाईनं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं नाहीतर अर्धवट काढलेलं असतं. त्यासाठी सगळा डेटा पुसून मशीन कोरी करायची, हे मला पटत नाही.

"दादा, मी तं थो प्रोग्राम कवाच डिलीट केला, तरी सी ड्राइव्ह लालच दाखवते, काहून?" हा प्रश्न नेहमीचा. लाल म्हणजे जागा भरत आलेली. डेस्कटॉपवरचं चिन्ह उडवलेलं असतं. ते चिन्ह नुसता शॉर्टकट आहे, प्रोग्राम जिथल्या तिथंच राहतो. काही पोट्टे त्याच्याही पुढं जातात आणि प्रोग्राम फाइल्समधलं अख्खं फोल्डरच डिलीट करतात. प्रोग्राम काढणारी फाइल, म्हणजे अनइन्स्टॉलर, बहुधा त्याच फोल्डरात असते. ती गेली की यादीत नाव दिसत राहतं, काढायला गेलं की एरर येते, आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीतल्या, नोंदी तशाच पडून राहतात. असं झालंच तर मी तेच सॉफ्टवेअर, जमल्यास त्याच व्हर्जनचं, पुन्हा टाकतो आणि मग रीतसर काढतो. रीतसर म्हणजे सेटिंग्ज, ॲप्स, तिथं नावावर अनइन्स्टॉल. विंडोज ७ असेल तर कंट्रोल पॅनेलमधून. काढून झालं की एकदा रीस्टार्ट. काही फाइल्स त्यानंतरच निघतात.

आता क्रॅकबद्दल, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायच्या चोरवाटेबद्दल. इथं मी कुणाचं ऐकून घेत नाही.

पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली होती. एका गावातला ऑनलाइन फॉर्म भरणारा पोरगा सकाळीच सीपीयू गाडीवर बांधून दुकानात आला. कागद स्कॅन करून पीडीएफ लहान करायच्या होत्या, म्हणून त्यानं एका व्हिडिओखालच्या लिंकवरून पैसे लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा क्रॅक उतरवला. "आधी अँटीव्हायरस बंद करा" असं तिथं लिहिलं होतं, त्यानं केला. तासाभरात प्रत्येक फाइलच्या नावापुढं चार अनोळखी अक्षरं लागली आणि एकही फाइल उघडेना. सोबत एक चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर ४९०. स्टॉप-डीजेव्हीयू नावाचं हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, मुख्यतः अशा क्रॅकमधून पसरत आलं आहे. पेनड्राइव्ह लावलेलाच होता, त्यावरचा बॅकअपही गेला. शेतकऱ्यांचे सातबारे, पासबुकं, तीन वर्षांच्या पावत्या, सगळंच. मी दोन दिवस प्रयत्न केला. मेलवर पाठवलेल्या काही पीडीएफ तेवढ्या परत मिळाल्या. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून मी दुकानात क्रॅक टाकून देत नाही, कितीही ओळख असो. लिहायला लिब्रेऑफिस, झिप उघडायला ७-झिप, व्हिडिओला व्हीएलसी: फुकट आहेत आणि कायदेशीर आहेत. कोणतंही सॉफ्टवेअर अँटीव्हायरस बंद करायला सांगत असेल, तर मी तिथंच हात आखडतो.

दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका, मशीन रेंगाळते. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस आधीच असतो.

प्रिंटरची यूएसबी केबल सेटअप सांगेल तेव्हाच लावा. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, घेण्याआधी 'धिस पीसी'च्या प्रॉपर्टीजमध्ये विंडोज ३२ बिट आहे की ६४ ते पाहा.

विंडोज ७ वर नवीन क्रोम चढत नाही म्हणून पेनड्राइव्हला दोष देऊ नका. १०९ नंतरची क्रोमची व्हर्जन त्यावर चालतच नाहीत.

'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत सुटणाऱ्यांना मी दरवेळी थांबवतो. एक्सप्रेस सोडून कस्टम निवडा आणि आधीपासून असलेल्या बरोबरच्या खुणा वाचून काढा. नको ते टूलबार आणि जाहिराती तिथूनच आत शिरतात. एक मिनिट लागतं, आणि तेवढाही धीर नसेल तर मशीनला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे लाईन आणि नेट, दोन्हींचा भरवसा नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सेटअप चालू केला, दिवसाचा डेटा मध्येच संपला, आणि अर्धवट टाकलेलं सॉफ्टवेअर मग नीट चालतही नाही, निघतही नाही. बरेच छोटे सेटअप बाकीचं सामान नेटवरून ओढतात. म्हणून मी कंपनीच्या मूळ साइटवर 'ऑफलाइन इन्स्टॉलर' शोधतो, रात्री पूर्ण उतरवून घेतो आणि सकाळी टाकतो. मृगाचं आभाळ भरून आलं असेल आणि यूपीएस नसेल, तर त्या दिवशी विंडोजचं अपडेट लावत नाही. अपडेट चालू असताना लाईन गेली तर कधी कधी मशीन सुरूच होत नाही, अशा दोन मशीन आत्ता माझ्या टेबलावर आहेत.